आजार तिचा, दाखला सरकारचा; मग फी कुणाची?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीत एक ठराव आला. मानसिक आजार असलेल्या बायकांना अपंगत्वाचा दाखला काढताना खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून आणायला सांगतात. तिची फी त्यांना झेपत नाही. म्हणून गटाने वर्गणीतून दरवर्षी काही रक्कम बाजूला काढावी आणि ही फी भरावी, असा तो ठराव. मांडणारी मैत्रीण वीस वर्षांची जुनी कार्यकर्ती आहे. तिच्या हेतूबद्दल कुणी शंका घेणार नाही, मीही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटीने विरोध केला. त्यावर ती मैत्रीण म्हणाली, "तत्त्वं तुझी आणि उपास तिचा, हे बरं आहे!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून गेलेलं नाही. त्या दिवशी जे नीट बोलता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

आधी मंगलची गोष्ट सांगते. मंगल हे तिचं खरं नाव नव्हे. वय अडतीस, सातवी शिकलेली, दोन मुलं. पहिल्या बाळंतपणानंतर आजार सुरू झाला. कधी रात्ररात्र झोप नाही, अखंड बडबड, घरातली भांडी शेजारणींना वाटून टाकायची. कधी महिना महिना अंथरुणातून उठायचं नाही. सासरच्यांनी आधी देवऋषी केले, मग तालुक्याचा डॉक्टर केला, मग तिला माहेरी आणून सोडली ती कायमची. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली. मंगल आता भावाच्या पडवीत राहते. बरी असली की खुरपायला जाते. नसली की भावजय दोन घास देते आणि चार शब्द ऐकवते. भावजयीला मी दोष देत नाही, तिचंही पोट हातावरच आहे.

२०२२ साली आम्ही ठरवलं, की मंगलला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळवून द्यायचे. अपंग म्हणून अर्ज करायचा तर किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. सायबर कॅफेत ऑनलाइन अर्ज भरला, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याची तारीख मिळाली, पहाटेच्या एस.टी.ने गेलो. साडेतीन तास रांगेत उभ्या राहिलो. नंबर आला तेव्हा हातात एक चिठ्ठी पडली: सायकॉलॉजिकल टेस्ट करून आणा. मी विचारलं, कुठून? "आमच्याकडे सायकॉलॉजिस्टची पोस्ट रिकामी आहे. बाहेरून आणा, ताई." बाहेर म्हणजे कुठे, तेही लगेच कळलं. फी २,५०० रुपये.

मंगलची मजुरी तेव्हा दिवसाला २५० रुपये होती. म्हणजे दहा दिवसांची खुरपणी, तीही तिला उठता येत असेल तर. अनुदान तेव्हा महिना १,००० रुपये होतं. म्हणजे जे मिळायचं त्याचे अडीच महिने मिळायच्या आधीच गेले. ते पैसे मी भरले. होय, मीच. आज जी ठरावाला विरोध करते आहे, तिनेच. म्हणून म्हणते, की हे मी उंटावरून शेळ्या हाकत लिहीत नाही.

अहवाल आला. सहा पानं, सगळी इंग्रजीत. फाइलला लावला, पुन्हा तारीख घेतली, पुन्हा एस.टी. मंगल बोर्डापुढे बसली ती जेमतेम पाच मिनिटं. त्यातले दोन प्रश्न मला पाठ आहेत. "आंघोळ स्वतःची स्वतः करतेस?" "करते." "घरी स्वयंपाक करतेस?" "करते की. न करून सांगू कुणाला?" झालं. दाखला आला, ४० टक्क्यांच्या आतला. ती सहा पानं कुणी उलटलेली मला दिसली नाहीत.

एका गुणाची गोष्ट

दाखला नाकारला जातो तो कसा, हे आपण समजून घेतलं पाहिजे. मानसिक आजारातलं अपंगत्व मोजण्यासाठी 'आयडियाज' नावाची एक पट्टी आहे. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती बनवली, २००२ साली सरकारने ती राजपत्रात घेतली आणि २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही तीच ठेवली. तिच्यात चार रकाने आहेत: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितकी अडचण जास्त, तितके गुण जास्त. शिवाय गेल्या दोन वर्षांत किती महिने आजार होता, त्याचे एक ते चार. एकूण वीस. सहापर्यंत गुण पडले तर अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी. सात ते तेरा पडले तर ४० ते ७० टक्के.

मंगलचे गुण असे होते: स्वतःची काळजी शून्य, संबंध एक, संवाद एक, काम एक, आजाराचे महिने तीन. बेरीज सहा. एक गुण कमी पडला!

आता तो कामाचा रकाना बघा. त्यात नोकरी-धंदा, घरकाम आणि शिक्षण असे तीन पर्याय आहेत आणि त्यातला एकच धरायचा असतो. मंगल बाई. बाई म्हणजे घरकाम, हे बसल्या जागी ठरलं. ती शेतमजूर आहे, महिन्यातले निम्मे दिवस ती बांधावर पोचू शकत नाही, मुकादम तिला आता बोलावतही नाही, हे कुठेच मोजलं गेलं नाही. आणि घरकाम? आपल्याकडे कुठल्या बाईला आजारी आहे म्हणून घरकाम सुटलंय? तापाने फणफणलेली बाई भाकरी थापते, बाळंतीण बाई पाणी भरते. मंगलही रडत रडत, भात करपवत, शिव्या खात स्वयंपाक करते, कारण पडवीतलं अंथरूण त्या स्वयंपाकावर टिकून आहे. पुरुष आजारी पडला आणि कामावर गेला नाही, की ते कुणाला सांगावं लागत नाही. बाई चुलीशी उभी राहिली, की ती ठणठणीत. जे काम आयुष्यभर कुणी काम म्हणून मोजलं नाही, ते नेमकं तिला अनुदान नाकारायच्या वेळी मोजलं जातं. आपण पन्नास वर्षं ओरडतो आहोत की घरकामाला काम म्हणा. म्हटलं, पण ते असं!

दुसरी गोष्ट. ही पट्टी भरताना घरच्या माणसाला विचारायचं असतं. ती रोज कशी असते, हे जवळच्या माणसाने सांगायचं. ज्या बाईला जवळच्या माणसांनीच टाकली, तिने कुणाला न्यायचं? नवऱ्याला? सासूला? तिसरी गोष्ट. २००२ साली ही पट्टी आली तेव्हा दाखल्याला पात्र असे चारच आजार होते: स्किझोफ्रेनिया, दोन टोकांचा मनोविकार, मंत्रचळ आणि स्मृतिभ्रंश. जे नैराश्य पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं, ते त्या यादीत नव्हतंच.

आता सांगा, २,५०० रुपयांची तपासणी यातलं काय बदलते? बौद्धिक अपंगत्वासाठी बुद्ध्यंकाची चाचणी लागते, ते मी समजू शकते. पण 'आयडियाज' भरायला ना यंत्र लागतं, ना सहा पानी इंग्रजी अहवाल. लागतो वेळ. अर्धा तास बसून नीट विचारायचं: बाई, वाईट दिवस आला की काय होतं? स्वयंपाक करतेस म्हणजे कसा करतेस? शेवटची कामावर कधी गेलीस? हा अर्धा तास सरकारी दवाखान्यात मिळत नाही, म्हणून तो आपल्याला बाजारातून विकत आणायला सांगतात. आणि विकत आणलेला अर्धा तास फाइलीत पडून राहतो.

कायदा काय म्हणतो

माणसं म्हणतात, नियमच तसा आहे. तसा नियम नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं ५८ वं कलम वाचा. अपंगत्वाचं मूल्यमापन प्रमाणन अधिकाऱ्याने करायचं आणि मग दाखला द्यायचा, असं त्यात आहे. मूल्यमापन करणं हे त्याचं काम आहे, अर्ज करणारीचं नव्हे. ५९ व्या कलमात निर्णयाविरुद्ध अपील आहे.

दुसरा कायदा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, मे २०१८ पासून लागू. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, आणि निराधार माणसाला सरकारी ठिकाणी ही सेवा फुकट मिळाली पाहिजे. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे सेवा घेता येते आणि उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा आहे. 'मानसिक आरोग्य सेवा' या शब्दाच्या व्याख्येत उपचारांबरोबर माणसाच्या मनःस्थितीची तपासणी आणि निदानही धरलेलं आहे. मग पोस्ट रिकामी असेल तर त्याचा भुर्दंड मंगलने का भरायचा? पोस्ट तिने रिकामी ठेवली का?

हे जगावेगळं मागणं नाही. अमेरिकेत अपंगत्वाच्या दाव्यासाठी कागद अपुरे पडले तर सोशल सिक्युरिटीचं खातं स्वतः तपासणी ठरवतं आणि तिचे पैसेही तेच देतं. तिथेही दावे नाकारले जातात, तिथेही बायका भांडतात. पण निदान पुरावा मागणाऱ्याने पुराव्याचा खर्च करायचा, एवढं तरी तिथे मान्य आहे.

जेव्हा फी मागितली नव्हती

आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना १९९४ साल आठवत असेल. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची, ज्यांना तेव्हा 'मतिमंद' म्हणत, त्यांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. महाराष्ट्रभरच्या स्त्री संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या मुलींना काय कळतं, काय कळत नाही, हे सरकारने परस्पर ठरवलं होतं. त्या ठरवण्याची फी त्यांच्याकडून कुणी मागितली नव्हती. बाईच्या शरीरातून काही काढून घ्यायचं असतं तेव्हा तिच्या मनाचं मूल्यमापन फुकट आणि झटपट होतं. तिला महिन्याला चार पैसे द्यायचे असतात तेव्हा मात्र पोस्ट रिकामी असते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला परित्यक्तांचा प्रश्न आपण रस्त्यावर आणला, तेव्हाही हेच झालं. नवऱ्याने टाकलंय? मग टाकल्याचा दाखला आण, पंचनामा आण, साक्षीदार आण. तेव्हा आपण काय केलं? पंचनाम्यासाठी फंड नाही उभारला. तहसील कचेरीवर गेलो, ठिय्या दिला, निवेदनं दिली. म्हणून 'परित्यक्ता' हा शब्द सरकारी कागदावर आला. मनाच्या आजाराची वेळ आल्यावर आपण एकदम मवाळ का होतो? मला वाटतं, याचं उत्तर आपल्याच आत आहे. पोटगीसाठी मोर्चा काढताना लाज वाटत नाही. वेडी म्हणून हक्क मागायचा तर अजून वाटते. म्हणून गुपचूप फी भरून मोकळं व्हावंसं वाटतं.

त्या अहवालाचं पुढे काय होतं

आणखी एक भीती आहे आणि ती खोटी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. मंगलच्या नवऱ्याचा वकील असा अहवाल कधी हातात पडतो याची वाटच बघत असेल. खाजगी ठिकाणी केलेल्या तपासणीची एक प्रत तिथे राहते, एक झेरॉक्सवाल्याकडे, एक भावाच्या कपाटात. अनुदानासाठी आपण जो कागद विकत घेतो, तो उद्या तिच्याच विरुद्ध कोर्टात उभा राहू शकतो, हे तिला आधी सांगतो का आपण? मी मंगलला सांगितलं नव्हतं. ही माझी चूक.

पण भिऊन दाखलाच काढायचा नाही, असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केलं, की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे आणि एकत्र राहणं त्यामुळे खरोखर अशक्य झालंय का, हे बघावं लागेल. २०१७ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातही आहे, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला मनोविकल ठरवता येत नाही, ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं. हे प्रत्येक बाईला माहीत असलं पाहिजे, फी भरायच्या आधी.

मग उपास तिचाच का?

आता माझ्या मैत्रिणीच्या वाक्याकडे येते. "तत्त्वं तुझी, उपास तिचा." खरं आहे. मंगलला पुढचं अपील, पुढचा मोर्चा, पुढचं सरकार येईपर्यंत थांबता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंग लाभार्थींचं अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केलं. म्हणजे दाखला नाही मिळाला तर महिन्याला बुडतात ते आता जास्त आहेत. म्हणून फी भरूच नका, असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही आणि तसं म्हणणं योग्यही नाही. एखादीचं काम त्यावाचून अडलंच असेल तर भरा.

पण मुकाट्याने भरू नका. माझा विरोध पैशाला नाही, फंडाला आहे. एखाद्या बाईची निकड म्हणून पैसे देणं वेगळं आणि दरवर्षीच्या हिशेबात त्याचा रकाना पाडणं वेगळं. एकदा रकाना पडला, की दवाखान्यालाही कळतं: या बाईमागे संघटना आहे, पाठवा बाहेर. आज एक मंगल, उद्या दहा. आणि जिच्यामागे संघटना नाही, तिचं काय? तिला तर तीच चिठ्ठी मिळणार आणि ती चिठ्ठी घडी घालून ती घरी परतणार. आपल्या फंडाने तिच्यासाठी काहीच होत नाही. उलट, बाहेरून तपासणी आणणं ही रीत आपण पक्की करून ठेवतो.

म्हणून गटापुढे माझा उलटा ठराव असा आहे.

एक. बाहेरून तपासणी आणा म्हटलं, की ते लेखी मागायचं. कुठल्या नियमाखाली, कुणाच्या सहीने. तोंडी सांगितलेलं आपण ऐकलंच नाही असं समजायचं. लेखी देत नसतील तर आपणच अर्ज लिहून आवक-जावक विभागात द्यायचा आणि पोच घ्यायची.

दोन. फी भरावी लागलीच तर पावती घ्यायची आणि त्याच आठवड्यात ते पैसे परत मिळावेत असा अर्ज, १८ व्या कलमाचा उल्लेख करून, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यायचा. परत मिळतील न मिळतील. पण शंभर अर्ज पडले की तो एका बाईचा प्रश्न राहत नाही.

तीन. बोर्डापुढे बाईला एकटी पाठवायची नाही. आपल्यातली एकजण घरची माणूस म्हणून बरोबर बसेल. त्याआधी महिनाभर तिच्या वाईट दिवसांची वही ठेवायची: कधी झोप नाही, कधी जेवण नाही, कधी कामावरून परत पाठवली. "स्वयंपाक करतेस?" याचं उत्तर नुसतं "करते" असं येऊ द्यायचं नाही. आणि ती मजूर असेल तर कामाच्या रकान्यात मजुरीच धरा, असं तिथेच सांगायचं.

चार. नकार आला तर ५९ व्या कलमाखाली अपील करायचं. तिथे कायद्याची मदत लागली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

पाच. रिकाम्या पोस्टची माहिती माहितीच्या अधिकारात काढायची. आपल्या जिल्ह्यात ही पोस्ट कधीपासून रिकामी आहे, तेवढ्या काळात किती जणांना बाहेर पाठवलं. आणि ती माहिती घेऊन पालकमंत्र्यांच्या दारात जायचं.

मंगलचं काय झालं, असं विचाराल. आम्ही वही ठेवली, २०२३ साली पुन्हा अर्ज केला. या वेळी तिच्याबरोबर मी आत बसले. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिने बाहेरची तपासणी मागितली नाही. वही हातात घेऊन तिने पानं उलटली आणि मंगलला विचारलं, "ताई, खुरपायला शेवटची कधी गेलात?" मंगल बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आठवत नाही." त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. दाखला ४० टक्क्यांच्या वर आला. त्यासाठी एस.टी.चं भाडं आणि एक दोनशे पानी वही, एवढाच खर्च झाला. जुनी सहा पानं अजून माझ्या कपाटात आहेत. ती मंगलची आहेत, तिला परत द्यायची आहेत. पण ती म्हणते, "तुमच्याकडेच ठेवा ताई, भावाच्या हाती नको."

सरकार आता अपंग म्हणत नाही, दिव्यांग म्हणतं. नाव बदललं, रांग तीच आहे. आपापल्या गटात यावर बोला. तुमच्या जिल्ह्यात चिठ्ठी देतात का, किती फी सांगतात, कोण देतं, हे अंकाच्या पत्त्यावर लिहून कळवा. माझं म्हणणं पटलं नाही तर तेही कळवा. माझ्या मैत्रिणीने तर आधीच सांगितलंय, की पुढच्या अंकात ती उत्तर लिहिणार आहे.